सांगून जाणारे सर

आमचे सर संडासला जातानाही सांगून जायचे. "मी आत जाऊन येतो. चार मिनिटं लागतीन. तोवर ह्या मॅडम आहे इथं." एवढं बोलल्याशिवाय माणूस खुर्चीतून उठायचा नाही. समोर कुणीही असो, एखाद्या कॉलेजचे प्राचार्य असोत नाहीतर कुलर दुरुस्त करायला आलेला माणूस. मी नवी होते तेव्हा त्या चार मिनिटांत कुठे तोंड लपवू असं मला व्हायचं. कुलरवाल्यानं तर एकदा हळूच विचारलं, "मॅडम, साहेबाले काही बिमारी आहे का?" मी म्हटलं, "हो, फार जुनी आहे." चिडून म्हटलं होतं, पण ते फारसं चुकलं नव्हतं.

वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेत त्यांचं घर. पुढच्या दोन खोल्यांत समुपदेशन केंद्र, मागे ते आणि त्यांची बायको. आयुष्यभर कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी दारावर पाटी लावली. उंच, जरा वाकलेले, आमच्याकडच्या मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, खिशात लवंगा. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायचे, पण चोरून कधी पाहायचे नाहीत. "मी घड्याळ पाह्यलं," असं सरळ सांगायचे. "दहा मिनिटं उरले आपले. काही राह्यलं असन त आता सांगा." पन्नास मिनिटं म्हणजे पन्नास. कुणी सात मिनिटं उशिरा आलं तर त्याला त्रेचाळीस मिळायची. सर मात्र पहिल्या मिनिटापासून दार उघडं टाकून बसलेले असायचे. एकदा एकशे दोन ताप अंगात असताना बसले. आलेल्या बाईंना म्हणाले, "आज मी अर्धाच आहो. चालन का?" बाई म्हणाल्या, "आमचे हे सत्तावीस वर्षांत एवढेही नव्हते. चालेल."

कॉलेजात ते चांगलं प्रमाण मराठी बोलत, हे मला त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी सांगितलं. केंद्रात मात्र वऱ्हाडी. मी पुलगावची असून पुस्तकी बोलायचे, तर मला म्हणायचे, "माणूस ज्या भाषेत लहानपणी रडला त्याच भाषेत बोलाचं त्याच्याशी. तू त जनू बातम्या सांगून राह्यली."

माझी मुलाखत त्यांनी कशी घेतली ते सांगते. एमएसडब्ल्यूची सर्टिफिकेटं मी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये लावून नेली होती. त्यांनी फोल्डर उघडलंसुद्धा नाही. लवंग तोंडात टाकली आणि विचारलं, "लहानपणी पडली त कोण उचले तुले?"

मी म्हटलं, "कुणी नाही. मीच उठायचे."

"अन् मंग?"

"मग आईला सांगायचे, लागलं नाही म्हणून."

"लागलं राहे का?"

"हो."

"ठीक आहे," ते म्हणाले. "तुह्याकडून काय चूक होईन ते समजलं मले. सोमवारपासून येजो."

असा संताप आला मला. नोकरी मिळाल्याचा आनंद राहिला बाजूला, पुलगावपर्यंत बसमध्ये मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत गेले. पण माणूस बरोबर बोलला होता. माझ्या आईला काहीही सहन व्हायचं नाही. माझा गुडघा फुटला तर ती दोन दोन दिवस अंथरुणाला खिळायची, बोलायची नाही. म्हणून घरात शिरताना मी आधी तिच्या चेहऱ्याकडे पाहायचे आणि मग माझा चेहरा कसा ठेवायचा ते ठरवायचे. आईचा राग नाही मला. पण ती सवय माझ्याबरोबर नोकरीवर आली. समोरची बाई रडायला लागली की तिसऱ्या मिनिटाला माझा पाण्याचा ग्लास पुढे, चौथ्या मिनिटाला उपाय. बायका डोळे पुसून "बरं वाटलं ताई" म्हणायच्या आणि मी खूश.

सरांनी पंधरा दिवस पाहिलं आणि माझ्या खोलीतला पाण्याचा जग उचलून नेला. "पानी मागतलं त देजो. न मागता देऊ नको. तिले तहान नाई लागली. तुले तिचं रडनं सोसत नाई, म्हनून तू देते." आणखी एक नियम घालून दिला, की स्वतःचा फोन नंबर कुणाला द्यायचा नाही. मी आठ दिवस त्यांच्याशी कामापुरतं बोलले. नंबर मात्र देतच राहिले, ते त्यांना सांगितलं नाही.

उन्हाळ्यात खोलीतला कुलर एवढा घरघरायचा की बाहेर काही ऐकू जायचं नाही, लोकांना ते बरंच वाटायचं. सर मात्र कुणी रडायला लागलं की उठून कुलर बंद करायचे. सांगून, अर्थातच. त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीत खोली तापायची, दोघंही घामानं निथळायचे. "त्याले स्वतःले आपलं रडनं ऐकू आलं पाह्यजे," म्हणायचे. "घरी कोणी ऐकलं नाई म्हनून त इथपर्यंत आला तो."

आणि प्रत्येक माणूस निघून गेला की रिकाम्या खुर्चीकडे पाहत स्वतःला विचारायचे, "कोनाचं होतं हे? त्याचं, का माह्यं?" मोठ्यानं. आधी मला वाटायचं म्हातारा चळलाय.

त्यांचं ते काय होतं, हे एका शनिवारी कळलं. शनिवारी दुपारी आम्ही आठवड्याच्या कामाचा आढावा घ्यायचो. त्या आठवड्यात सर एका बाईवर ओरडले होते. बाईंनी मुलीला न सांगता वसतिगृहात नेऊन सोडलं होतं. मेसचे पैसे भरून येते म्हणाल्या आणि मागच्या दारानं निघून आल्या. सर असे ओरडले की बाई उठून गेल्या, परत आल्या नाहीत. शनिवारी सर म्हणाले, "मी तिच्यावर नाई ओरडलो. मी माह्या मायवर ओरडलो. ते बिचारी मधात सापडली."

त्यांची आई गावोगाव फिरणारी सरकारी नर्स होती. आर्वीकडच्या एका खेड्यात पोस्टिंग, तिथं लेकराला ठेवायची सोय नाही, म्हणून हे पुलगावला मावशीकडे. आई शनिवारी संध्याकाळी यायची आणि रविवारी दुपारच्या बसनं जायची. लेकरू रडेल म्हणून मावशी रविवारी त्यांना रेल्वे फाटकावर न्यायची, मालगाडी दाखवायला. परत आले की आईची पिशवी खुंटीवर नसायची. महिनाभरात त्यांना डाव कळला आणि ते फाटकावर जाईनात. मग मावशीनं जिलेबी काढली, शेजारच्यांची बकरीची पिल्लं काढली.

"शाळेत जाईपर्यंत मी माह्या मायले जातानी पाह्यलंच नाई," सर म्हणाले. "फक्त नसलेली पाह्यली. अन् दुःख तिच्या जान्याचं नोतं. नोकरी होती, जानारच होती. पन शनिवारी ते आली का मले आनंदच होये ना. मी नुसता पहारा देऊ."

तसं पाहिलं तर ही कला आपल्याकडे घरोघरी आहे. चपला आधीच मागच्या दाराशी नेऊन ठेवायच्या, बॅग कुणाच्या तरी हाती पुढे पाठवायची, आणि लेकराला म्हणायचं, "पाह्य तिकडं चिमणी." सगळं घर त्यात सामील असतं आणि नंतर कौतुकानं सांगतं, "समजलंबी नाई त्याले." माझ्या भाच्याला मी कितीदा असं फसवलंय. सर हे ऐकलं की लालबुंद व्हायचे. जाणाऱ्यानं तीन गोष्टी सांगायच्या, हा त्यांचा हट्ट: कुठं चाललो, कधी येईन, तोवर जवळ कोण आहे. रडलं तर रडू द्यायचं. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक आईबापाला ह्या तीन गोष्टी पाठ होत्या.

वर्षालाही होत्या. वर्षा सावंगीला दवाखान्यात नर्स. नवरा सोडून गेलेला, घरात तिची आई आणि साडेचार वर्षांची गुड्डी. वर्षाला मस्कतला नोकरी मिळत होती, वर्षभरानं पहिली सुट्टी. मागे एकदा अशीच संधी आली होती, तेव्हा मुंबईला मुलाखतीसाठी निघालेली वर्षा गुड्डीच्या रडण्यानं बसस्टँडवरून घरी परत आली आणि ती नोकरी गेली. म्हणून या वेळी मुलाखतीला जाताना आजीनं गुड्डीला कुल्फी खायला नेलं आणि वर्षा गुपचूप गेली. चार दिवसांनी परत आली तर पोरगी तिची ओढणी सोडेना. वर्षा बाथरूममध्ये गेली की ही दाराबाहेर बसून. जेवायची नाही, झोपेतून उठून आईच्या तोंडाला हात लावून पाहायची. जायला सहा आठवडे उरले होते, तेव्हा ती आमच्याकडे आली.

सरांनी ती केस स्वतः घेतली, मला जोडीला ठेवलं. त्यांनी काय केलं, तर जाण्याची तालीम. वर्षानं गुड्डीला तीन गोष्टी सांगायच्या आणि दोन मिनिटं अंगणात जाऊन यायचं. गेली की गुड्डीनं वाटीत एक चिंचोका टाकायचा, आली की काढायचा. पहिल्या दिवशी पोरीनं दाराला डोकं आपटलं. सर जमिनीवर बसून म्हणत राहिले, "हो. गेली. राग आला तुले. येईन ते." कुलर बंद. मी कोपऱ्यात उभी. दोनाची पाच मिनिटं झाली, पाचाचा अर्धा तास, मग अख्खी दुपार. पाचव्या आठवड्यात गुड्डी स्वतःच चिंचोका हातात घेऊन म्हणाली, "आई, तू जाऊन ये." वर्षा अंगणात जाऊन हुंदके देऊन रडली. त्या दिवशी सरांनी आम्हा सगळ्यांना गोरसपाक, आमची वर्ध्याची तुपातली बिस्किटं, आणून खाऊ घातला.

ठरलं असं होतं, की बुधवारी पावणेतीनच्या गाडीनं वर्षा मुंबईला निघेल, गुड्डीला स्टेशनवर न्यायचं, डब्यात चढण्याआधी वर्षानं तीन गोष्टी सांगायच्या. सर बुधवारी एका खेड्यातल्या बायकांच्या गटाकडे जायचे, ते त्या दिवशी दोन वाजता थेट स्टेशनवर येणार होते.

मंगळवारी संध्याकाळी माझा फोन वाजला. वर्षाची आई. "बाई, उद्या एक वाजता पोरीले तुमच्याकडं घेऊन जा. खेयाले म्हना. चार वाजेपर्यंत ठेवा. ह्या स्टेशनच्या भानगडीत माह्या पोरीची गाडी जाईन." मी नाही म्हणत होते, तेवढ्यात वर्षानं फोन घेतला. "ताई, तालीम येगळी. दोन मिनिटांनं मी परत येत होती. उद्या मी येनार नाई, ते मले मालूम आहे. तिनं माह्याकडं पाह्यलं त मी उतरीन गाडीतून. या खेपेलेबी नोकरी गेली त मंग कोनी मले बोलावनार नाई. तुमच्या पाया पडतो."

ती रडत होती. आणि माझं तुम्हाला सांगितलंच आहे. मी म्हटलं, "बरं. काळजी करू नका." सरांना सांगितलं नाही. सकाळी वर्षाच्या आईनं सरांना फोन करून कळवलं, की गुड्डीला जरा ताप आहे, स्टेशनवर आणत नाही, घरीच सांगून निघतो. सरांनी ते खरं मानलं.

एक वाजता मी गुड्डीला घेऊन आले. तिनं वाटेत विचारलं, "आई कुठं आहे?" मी म्हटलं, "घरी बॅग भरतेय." हे एवढं एक वाक्य. केंद्रात आल्यावर आम्ही चित्रं काढत बसलो. फोन मी सायलेंटवर टाकून पालथा ठेवला होता, तिच्यासमोर आजीचा फोन यायला नको म्हणून. माझं सगळं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे. पावणेतीन वाजले की संपलं, असं मी स्वतःला सांगत होते.

दोन वाजले आणि फाटक वाजलं. गावात कुणी वारलं म्हणून गटाची बैठक झाली नव्हती, सर लवकर परतले होते. लवकर येतोय हे सांगायला मला चार फोन केले होते त्यांनी, मी ते नंतर पाहिले. दारात उभं राहून त्यांनी गुड्डीला पाहिलं. चित्र पाहिलं. मग मला.

"हिले ताप होता ना?" ते म्हणाले. "वर्षा कुठं आहे?"

मी खाली पाहिलं. त्यांना कळायला दुसरं काही लागलं नाही. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं तेव्हा मला भीती वाटली. रागावलेला म्हातारा नव्हता तो, खुंटीवर पिशवी शोधणारं लेकरू होतं. पण आवाज सरळ. "गुड्डी, मी बाहेर चाललो. पाच मिनिटं. ही ताई तुह्याजवळ आहे." मला म्हणाले, "तिच्या चपला घाल. अन् घेऊन ये."

मी तिला घेऊन अंगणात आले तर स्कूटर सुरू होती. दोन वाजून सात मिनिटं. स्टेशन दहा मिनिटांवर. खरं सांगू, मला हायसं वाटलं. आता सर नेतील, माझं पाप धुतलं जाईल. मी गुड्डीला पुढे उभं करायला उचललं.

सरांनी हात आडवा केला. स्कूटर सुरूच, ते हँडल धरून समोर पाहत बसले. समोरच्या घरातल्या बाई वाळवणावरून मान वर करून पाहत होत्या. मी म्हटलं, "सर, उशीर होतोय." ते ऐकत नव्हते. मग त्यांनी चावी फिरवली. स्कूटर बंद.

"कोनाचं आहे हे?" ते म्हणाले, आणि मला वाटलं आता हे इथंच कोसळतात. "सहा आठवडे झाले, मी माह्याच मायले गाडीतून उतरवून राह्यलो. हिले तिथं नेलं अन् वर्षा उतरली, त? माय तिची वर्षा आहे. ठरवनार ते."

ते फाटकाशी गेले आणि वर्षाला फोन लावला. मला इकडची बाजूच ऐकू आली. "वर्षा, मी बोलून राह्यलो. गुड्डी माह्याजवळ आहे... ऐक. तिले मी खरं सांगनार आहो, आत्ताच, ते ठरलं. फक्त इचारून राह्यलो, तिथं आनू का इथंच सांगू?... रड. मी थांबतो... नाई, रागावलो नाई." आणि मग, "हो, रागावलो आहो. पन तो माह्या घरचा राग आहे, तुह्यावरचा नाई... बरं. बराबर आहे. मंग बस गाडीत. खिडकीजवळ बस. मुंबईले पोचली का फोन करजो."

परत आले. "नोको म्हनते," म्हणाले.

आम्ही आत गेलो. मी म्हटलं, "सर, गाडी सुटल्यावर सांगू. आता सांगितलं तर ती म्हणेल, मला न्या."

"म्हनन ना. मंग नाई म्हनाचं. गाडी गेल्यावर सांगतलं त हा दुसरा डाव झाला." ते भिंतीला टेकून जमिनीवर बसले. "तू आनलं तिले. तू सांग."

कुलर त्यांनी बंद केला. मी गुड्डीसमोर बसले. "गुड्डी, आई कामाला चाललीय. लवकर येईल."

"लवकर नाई," सर म्हणाले.

"एक वर्षानं येईल. आज गाडीनं मुंबईला, मग विमानानं दूर मस्कतला. तोवर आजी आहे तुझ्याजवळ, आणि आम्ही आहोत."

ती माझ्याकडे पाहत राहिली. "आत्ता चालली?"

"आत्ता."

"मले नाई सांगतलं."

"नाही सांगितलं. मीपण नाही सांगितलं. आई बॅग भरतेय म्हणाले, ते खोटं होतं."

"मले ने तिथं."

मी सरांकडे पाहिलं. ते खाली मान घालून बसले होते. माझ्या आयुष्यात मी कुणा रडणाऱ्याला नाही म्हटलेलं नव्हतं. "नाही नेत, गुड्डी," मी म्हटलं.

तिनं चिंचोक्यांची वाटी लाथाडली आणि माझ्या मनगटाला चावली. दात काढले तरी मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं. मी हात काढला नाही. धीराचं काम म्हणून नव्हे, मला ते बरं वाटलं म्हणून. किती वेळ गेला कोण जाणे. मग सरांचा आवाज आला. "गुड्डी, पावनेतीन झाले. गाडी सुटली." तेव्हा तिनं मनगट सोडलं आणि जो आक्रोश केला तो मला अजून ऐकू येतो.

मला वाटलं होतं सर मला काढतील. संध्याकाळी मीच विचारलं. ते म्हणाले, "काढू कसा? मंग तूबी तशीच गेली म्हनन ते पोट्टी. रोज चारले येजो, तिच्यासाठी. ते तुह्याकडं पाहनार नाई. तरी येजो."

ती खरंच पाहत नव्हती. आजी रोज चारला तिला आणून सोडायची आणि माझ्याशी बोलायचीही नाही. साडेचारला मस्कतहून वर्षाचा व्हिडिओ कॉल यायचा आणि गुड्डी भिंतीकडे तोंड करून बसायची. एकदाही वळली नाही. पहिल्याच आठवड्यात वर्षा म्हणाली, "सर, मी परत येतो. पोरगी गेली माह्या हातची." सर म्हणाले, "येशीन त ये. पन तिच्या रुसन्याले भिऊन नोको येऊ. ते पाठमोरी बसली आहे, पन बसली आहे ना? पाठीशी बोल. पाठीले ऐकू येते." आणि ते फोन हातात धरून, गुड्डीच्या पाठीकडे करून, दहा दहा मिनिटं बसायचे. वर्षा सांगायची, आज काय खाल्लं, खिडकीतून काय दिसतं, मस्कतला कुलर नसतो, एसीशिवाय भागत नाही. सरांचा हात दुखायला लागायचा, मग दुसऱ्या हातात धरायचे. पाठ हलायची नाही.

दिवसागणिक वर्षाचा आवाज खचत चालला होता. सोळाव्या दिवशी तिनं सांगितलं, महिना भरला की येते, साहेबांशी बोलले. त्या दिवशी सर लवंग चघळायची विसरले.

सतराव्या दिवशी वर्षा बोलता बोलता थांबली. सांगायचं संपलं असावं. आणि भिंतीकडे तोंड करूनच गुड्डी म्हणाली, "न सांगता काऊन गेली?"

मी पुढे सरसावले, काहीतरी बोलून सावरायला. सरांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी जागच्या जागी बसले. फोनमधून वर्षाचा आवाज आला, "माह्यं चुकलं बेटा. मले तुह्यं रडनं पाह्यलं जात नोतं."

गुड्डीनं विचार केला. चांगला वेळ घेऊन केला. मग ती वळली आणि फोनकडे पाहून म्हणाली, "मंग डोये झाकाचे ना. डोये झाकून सांगाचं."

वर्षा हसायला लागली आणि त्यातच रडायला लागली. "हो वं माय," म्हणाली, "तसंच कराचं होतं." गुड्डी उठली, सरांच्या हातातून फोन घेतला आणि पडवीत जाऊन बसली. तिथून तिचा आवाज येत होता, आजी कशी रागावते, ताईच्या हाताला कसं चावलं.

सर भिंतीला टेकून बसले होते. फोन धरलेला हात तसाच अधांतरी. मी म्हटलं, "सर, पाणी आणू का?" त्यांनी नको म्हणून मान हलवली.

"माही माय शेवटचे बारा वर्षं माह्याचजवळ होती," ते म्हणाले. "या मागच्या खोलीत. रोज सकाळी चहा मी नेऊन देऊ. औषध मी देऊ. जगाले इचारत बसलो जनमभर, तिले एकदाई इचारलं नाई, न सांगता काऊन जाये म्हनून. मले वाटे, ते खोटं सांगन."

पडवीत गुड्डी हसली. सरांनी तिकडे पाहिलं.

"आता वाटते," ते म्हणाले, "माय रोज सकाळी चहा घेतानी वाट पाहत असन, का आज तरी इचारन हा."